‘लेड अस्ट्रे’ म्हणजे मुलगा बिघडला असं नव्हे

प्रश्न कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा सांगलीत वसतिगृहात राहून अकरावी करतोय. सहामाहीच्या निकालाबरोबर तिथून इंग्रजीत शेरा आला: ‘ही इज अ ब्राइट बॉय, बट इज ईझिली लेड अस्ट्रे.’ मोबाइलवर भाषांतर केलं तर ‘सहज दिशाभूल होते’ असं आलं. शेजारच्या एका जाणत्या माणसानं ‘वाईट मार्गाला लागलाय’ असा अर्थ सांगितला. तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. ताई विचारतात, नेमका अर्थ कोणता? आणि धाकटी मुलगी दहावीला आहे, तिला ‘गो अस्ट्रे’ वाक्यात वापरायला सांगितलंय, तर तेही नीट समजावून द्या.

ताई, आधी काळजीचं बोलतो, व्याकरणाकडं नंतर वळू. मी सांगलीत इंग्रजी शिकवतो आणि सोबत कोर्टकचेरीच्या, बँकांच्या, शाळा-कॉलेजांच्या कागदांची भाषांतरं करतो. असे शेरे माझ्याकडं नेहमी येतात आणि ते वाचून घाबरलेली माणसंही येतात.

त्या वाक्यात तुमचा मुलगा बिघडला आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. ‘लेड’ हे ‘लीड’ या क्रियापदाचं रूप आहे, म्हणजे पुढं होऊन नेणं. इथं ते कर्मणी आहे. मुलगा आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी नेतं. कोण नेतं ते लिहिलेलं नाही. दुसरी गोष्ट काळाची, आणि भाषांतर करताना बहुतेकांची गल्लत तिथंच होते. ‘इज लेड’ हा साधा वर्तमानकाळ आहे. तो घडलेली घटना सांगत नाही, स्वभाव सांगतो. ‘कृष्णा पावसाळ्यात पात्राबाहेर येते’ हे वाक्य कुणी जानेवारीतही बोलू शकतं. आज आयर्विन पुलाखाली पाणी वाढलंय, ही बातमी वेगळी. मुलगा खरोखरच कुणाच्या मागं गेला असता, तर शेऱ्यात ‘ही हॅज बीन लेड अस्ट्रे’ किंवा ‘ही हॅज गॉन अस्ट्रे’ आलं असतं. तसं आलेलं नाही. शिवाय ‘ईझिली’ हा शब्द मुलाच्या बाजूचा आहे. त्यातून मुलाचं भोळेपण दिसतं, खोटेपणा दिसत नाही.

मी हे मराठीत असं लिहीन: ‘मुलगा हुशार आहे, पण कुणाच्याही नादी लवकर लागतो.’ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका हे वाक्य कुठल्याही पोराबद्दल बोलतात आणि त्यावर कुणी जेवण सोडत नाही. ‘नादी लागणं’ यात नाद लावणारा आणि लागणारा दोघंही येतात, म्हणून मला ते सर्वांत जवळचं वाटतं. ‘दिशाभूल’ इथं बसत नाही. दिशाभूल खोट्या माहितीनं होते. जाहिरात दिशाभूल करते, आकडे दिशाभूल करतात, मित्र नादाला लावतात. ‘वाईट मार्गाला लागलाय’ हे तर भाषांतरच नव्हे, तो थेट निकाल झाला.

नाद कशाचा हे शेऱ्यात नाही, ते विचारावंच लागेल. अकरावीच्या पोराला रात्री जागून क्रिकेट पाहायचा नाद लागू शकतो, अभ्यासिकेच्या वेळी कट्ट्यावर बसायचा लागू शकतो, याहून काळजीचंही काही असू शकतं. शक्य असेल तर सांगलीला येऊन रेक्टरांना समोर बसून मराठीतच विचारा: काय दिसलं, कधीपासून, कुणाबरोबर असतो. लिहूनच विचारायचं असेल तर मुलीकडून एवढं लिहून घ्या: ‘थँक यू फॉर द रिमार्क. कुड यू प्लीज टेल अस वॉट यू हॅव नोटिस्ड, अँड सिन्स व्हेन?’ शेऱ्याबद्दल धन्यवाद, तुम्हाला काय जाणवलं आणि कधीपासून, ते कळवाल का, इतकाच त्याचा अर्थ. आणि मुलाला फोनवर ‘तू बिघडलास असं लिहून आलंय’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. त्याच्याबद्दल तसं कुणी लिहिलेलं नाही.

शेरे लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. ज्या घरात मराठी वाचली जाते, त्या घराला मुलाच्या स्वभावाबद्दल इंग्रजीतून लिहू नये. गुण इंग्रजीत छापून आले तरी चालतात, ते कळतात. स्वभावाबद्दलचं एक वाक्य मात्र तीन माणसांच्या हातून जाता जाता तीन अर्थांचं होतं, आणि त्याचा जाच त्या पोराला सोसावा लागतो.

आता वाक्प्रचाराकडं येऊ. ‘अस्ट्रे’ म्हणजे जिथं असायला हवं तिथून बाजूला, वाट सोडून. कोशकार त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आणि त्याच्याही मागं लॅटिनमध्ये दाखवतात, ‘बाहेर भटकणं’ अशा अर्थाचं. तो शब्द इंग्रजी माणसाच्या मनात घर करून बसला तो मात्र बायबलमुळं. राजा जेम्सच्या काळात, १६११ साली, जे इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ‘ऑल वी लाइक शीप हॅव गॉन अस्ट्रे’ अशी ओळ आहे: आम्ही सगळे मेंढरांसारखे वाट चुकलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात शंभर मेंढरांचा दाखला येतो. एक चुकतं, तेव्हा धनगर नव्व्याण्णव डोंगरावर ठेवून त्या एकाला शोधायला जातो. तिथंही त्याच इंग्रजी भाषांतरात ‘गॉन अस्ट्रे’ हेच शब्द आहेत. कित्येक पिढ्या चर्चमध्ये हे ऐकत वाढल्या, त्यामुळं आज चर्चला न जाणारा इंग्रजही हा वाक्प्रचार उच्चारतो तेव्हा त्यामागं ते मेंढरू उभं असतं.

हे समजायला आपल्याला परक्या देशात जायची गरज नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत मेंढपाळाचा धंदा मोठा आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावानं तर मेंढ्यांची एक जातच ओळखली जाते. चाऱ्यासाठी कळप मैलोन् मैल हिंडवावा लागतो, आणि तिन्हीसांजेला कळपात एखादं कमी भरलं तर मेंढपाळ म्हणतो, ‘एक चुकलंय.’ ते बिघडलं, वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. ते हिरव्या घासामागं एक एक पाऊल पुढं गेलं, मान वर केली तेव्हा कळप दिसेना. त्यात दुष्टपणा नाही. कुठल्या तरी एका क्षणी वाट सोडायचं ठरवलं, असंही नाही. ‘गो अस्ट्रे’मध्ये नेमका हाच भाव आहे. ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्याविषयी थोडी करुणा त्यात आहे, आणि तो परत येऊ शकतो हेही त्यात धरलेलं आहे. मुलाबद्दल इंग्रजीत फार कठोर बोलायचं असेल तर दुसरे शब्द आहेत, हा त्यातला नव्हे.

याच शब्दाचं दुसरं रूप ‘स्ट्रे’. त्याची कायद्यातली कथा मला फार मोलाची वाटते. जुन्या इंग्रजी कायद्यात मालक माहीत नसलेलं भटकं जनावर सापडलं, तर चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारगावांत त्याची दवंडी द्यावी लागे. एक वर्ष आणि एक दिवस वाट पाहायची. तोवर मालक आला नाही, तरच ते जनावर राजाचं किंवा तिथल्या जहागीरदाराचं होई. आपल्याकडं ब्रिटिशांनी १८७१ साली जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणला आणि गावोगावच्या कोंडवाड्यांना त्याचा आधार मिळाला. दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जायचं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून आणायचं. दोन्हीकडं एक गोष्ट गृहीत आहे: या जनावराला कुठंतरी दावं आहे, गोठा आहे, वाट पाहणारा मालक आहे. ज्याला जागाच नाही ते ‘अस्ट्रे’ होऊ शकत नाही. म्हणूनच ‘बेवारस’ आणि ‘अस्ट्रे’ यांत फरक करायला हवा. बेवारस म्हणजे वारस नसलेलं. अस्ट्रे म्हणजे आपल्या ठिकाणापासून सुटलेलं, आणि ते ठिकाण अजून आहे.

इथून वाक्प्रचार वस्तूंकडं जातो, आणि इथं तो सर्वांत निरुपद्रवी असतो. ‘द लेटर वेंट अस्ट्रे’ म्हणजे पत्र भलतीकडं गेलं. साताऱ्याच्या लोकांना याचं उदाहरण शोधावं लागत नाही. खटाव तालुक्यात औंध आहे, जुन्या संस्थानाचं, यमाईच्या डोंगराचं, आणि पुण्यातही औंध आहे. पाकिटावर जिल्हा आणि पिनकोड न घालता नुसतं ‘औंध’ लिहिलं तर ते कुठं उतरेल सांगता येणार नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला तो अशाच घोटाळ्यांवर उपाय म्हणून: सारखी नावं, निरनिराळ्या भाषा, न लागणारी अक्षरं. तर पत्र, पार्सल, सामानाची बॅग, फाइल, अर्ज, या सगळ्यांना ‘गो अस्ट्रे’ चालतं आणि मराठीत आपण ‘गहाळ झालं’ किंवा ‘भलतीकडं गेलं’ म्हणतो.

भाषांतरकार म्हणून मला सर्वांत जपावं लागतं ते याच ठिकाणी. ‘सर्टन पेपर्स हॅव गॉन अस्ट्रे’ हे वाक्य एखाद्या कार्यालयाच्या पत्रात येतं. काही कागद जागेवर नाहीत, एवढंच त्यात आहे. चोरले, हरवले, दुसऱ्या फाइलला लागले, यातलं काहीच लिहिणाऱ्यानं म्हटलेलं नाही आणि बहुतेक वेळा त्याला ते म्हणायचंही नसतं. मराठीत मी ‘हरवले’ लिहिलं की कुणाचा तरी निष्काळजीपणा आला, ‘लंपास झाले’ लिहिलं की चोर आला. ‘गहाळ झाले’ हा त्यातल्या त्यात निःपक्षपाती शब्द. ब्रिटिश लोक पैशाबद्दलही असंच बोलतात: ‘सम मनी सीम्स टु हॅव गॉन अस्ट्रे.’ ऐकणाऱ्याला बहुधा कळतं की पैसे कुणीतरी घेतलेत, पण बोलणारा कुणाकडं बोट दाखवत नाही. त्याचं भाषांतर ‘पैशाचा अपहार झाला’ असं करणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी त्यानं न केलेला आरोप घालणं. कोर्टाच्या कागदात याची किंमत फार मोठी असते.

या वाक्प्रचारात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. इंग्रजी एवढंच सांगते की गोष्ट किंवा माणूस आपल्या जागी नाही. दोष कुणाचा, ते ती मोकळं ठेवते. मराठीत आणताना आपण ‘चुकला’, ‘भरकटला’, ‘बहकला’, ‘नादी लागला’, ‘फूस लावली’, ‘बिघडला’, ‘वाया गेला’ यांतलं एक क्रियापद निवडतो, आणि प्रत्येक क्रियापद दोष कुणाच्या तरी पदरात टाकतं. ‘चुकला’ म्हटलं तर कुणाचाच नाही, ‘बहकला’ म्हटलं तर त्याचा, ‘फूस लावली’ म्हटलं तर दुसऱ्याचा. तुमच्या शेजाऱ्यांनी अर्थ सांगताना हाच दोष मुलाच्या पदरात टाकला, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नसेल.

माणसांच्या बाबतीत आणखी एक जपायचं. माणूस नुसता रस्ता चुकला असेल तर आजच्या इंग्रजीत ‘गो अस्ट्रे’ वापरू नये. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून पुढं जाते तेव्हा गर्दीत माणसं दिंडीपासून सुटतात, चुकामूक होते, ध्वनिक्षेपकावरून नावं पुकारली जातात. हे इंग्रजीत सांगताना ‘अ‍ॅन ओल्ड वुमन हॅज गॉन अस्ट्रे’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्या माउलीचं वर्तनच घसरलं. तिथं ‘गॉट लॉस्ट’ किंवा ‘गॉट सेपरेटेड फ्रॉम हर ग्रुप’ लिहायचं. मोठ्या माणसाबद्दल नुसतं ‘ही स्ट्रेड’ हे तर आणखी जपून. नवरा-बायकोच्या संदर्भात त्याचा अर्थ जोडीदाराशी प्रामाणिक राहिला नाही, असा होतो. एवढ्याशा क्रियापदानं एखाद्याच्या संसाराबद्दल भलतंच लिहिलं जाईल.

आता मुलीसाठी. उच्चार ‘अ-स्ट्रे’, जोर ‘स्ट्रे’वर. हा एकच शब्द आहे, ‘अ’ तोडून लिहायचा नाही. ते क्रियाविशेषण आहे, म्हणून नामाच्या आधी येत नाही. भटका कुत्रा ‘स्ट्रे डॉग’ होतो, ‘अस्ट्रे डॉग’ नव्हे. ‘गो टु अस्ट्रे’ चूक, मध्ये ‘टु’ नको. ‘अस्ट्रेड’ असा शब्दच नाही. भूतकाळ ‘वेंट अस्ट्रे’, आणि ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’. त्याचं स्पेलिंग शिसं या धातूसारखं करू नये. उच्चार तोच असल्यानं चांगली चांगली मुलं इथं गुण घालवतात. कर्म मधोमध येतं: ‘हिज फ्रेंड्स लेड हिम अस्ट्रे.’ ‘लेड अस्ट्रे हिम’ असं कधीच नाही. वाक्यात वापरायला तिला हे द्या: ‘द इन्व्हिटेशन वेंट अस्ट्रे बिकॉज द पिन कोड वॉज राँग.’ पिनकोड चुकल्यानं आमंत्रण भलतीकडं गेलं. परीक्षेत मुलं हटकून वाईट संगतीचंच वाक्य लिहितात. पत्राचं वाक्य लिहिलं की शब्द खरोखर समजलाय हे तपासणाऱ्याला दिसतं.

जवळपासचे वाक्प्रचार यात मिसळू नयेत. ‘ऑफ द बीटन ट्रॅक’ यातही वाट सोडणं आहे, पण ते कौतुकाचं. फारशी माणसं जात नाहीत अशी जागा. साताऱ्याजवळचं पाटेश्वर अजून त्या सदरात बसेल, फुलांच्या दिवसांतलं कास पठार आता बसणार नाही. ‘गो ऑफ द रेल्स’ हे ‘अस्ट्रे’पेक्षा बरंच जड आहे. माणसाचं वागणं हाताबाहेर गेलं, ताळतंत्र सुटलं, असा त्याचा अर्थ. बोलता बोलता विषय सुटला तर ‘स्ट्रे फ्रॉम द पॉइंट’. ‘गो अराय’ हे बेताबद्दल बोलतात. ठरवलेलं फिसकटलं की ‘द प्लॅन वेंट अराय’.

‘अस्ट्रे’च्या उलट बाजूला ‘द स्ट्रेट अँड नॅरो’ आहे, सरळ मार्ग. त्याचंही मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानात सापडतं, आणि तिथल्या ‘स्ट्रेट’चं स्पेलिंग वेगळं आहे. त्याचा अर्थ सरळ नव्हे, अरुंद. दार अरुंद, वाट चिंचोळी, असं ते मूळ वाक्य. पुढं उच्चार सारखा म्हणून लोक ‘सरळ’ अर्थाचं स्पेलिंग लिहू लागले आणि आता तेच रूढ झालंय. मुलीनं तेच लिहावं, कुणी चूक धरणार नाही.

राहिला वर्तमानपत्रांतला ‘स्ट्रे’. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी भारतातल्या इंग्रजी पेपरांत ‘बॅरिंग स्ट्रे इन्सिडेंट्स, पोलिंग वॉज पीसफुल’ असं छापून येतं. इथं भटकणं नाही, मोकाट जनावरंही नाहीत. तुरळक, एखाददुसरा प्रकार वगळता मतदान शांततेत झालं, एवढाच त्याचा अर्थ. ‘स्ट्रे बुलेट’ मात्र पुन्हा मूळ अर्थाकडं जाते: नेम एकावर, लागली दुसऱ्याला. पोलिसांच्या कागदात ती आली की मी ‘भरकटलेली गोळी’ लिहीत नाही. ‘नेम चुकून लागलेली गोळी’ असं सविस्तर लिहितो. शब्द वाढतात, पण गोळी कुणासाठी झाडली होती हा प्रश्न वाचणाऱ्यासमोर उभा राहतो, आणि तपासात तोच लागतो.